ब्रेक अजून व्हायचेत

दादा गेला त्या सकाळी मी लखनौच्या अलीगंज भाजीबाजारात मटार निवडत होते. फोन आला तो त्याच्या शेजारच्या मिश्राजींचा. "दीदी, भाईसाहब गिर गए हैं, आप फ़ौरन आ जाइए।" मटार तिथेच टाकून मी ई-रिक्षात बसले. पोचले तेव्हा दादाच्या पोर्चमध्ये त्याची जुनी अँबॅसिडर जॅकवर उभी होती, पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं, आणि मिश्राजींनी दादाला गाडीशेजारीच चटईवर निजवलं होतं. हातातला छोटा पाना तसाच मुठीत होता. डॉक्टर अजून यायचे होते, पण येऊन ते काय सांगणार हे त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं. वहिनी गाडीत होत्या. ड्रायव्हरच्या सीटवर ताठ बसलेल्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर, उजवा पाय ब्रेकवर खोल दाबून धरलेला. मी काच ठोठावून म्हटलं, वहिनी, उतरा खाली. त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "थांबा वन्सं. ते चाकापाशी बसल्यात. अजून सोड म्हणाले न्हाईत."

ज्यांनी गाडीचं काम कधी केलं नाही त्यांना हे सांगायला हवं. ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली की ती काढायला दोन माणसं लागतात. एक जण आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाशी बसून तिथली बारीक बोंडी सैल करतो. मग बुडबुड्यांसकट तेल बाहेर येतं. बोंडी पुन्हा आवळेपर्यंत आतल्यानं पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत जाते. म्हणून बाहेरचा सांगत राहतो, दाब… धर… सोड. दादा आणि वहिनी हे काम कैक वेळा एकत्र करत आले होते. त्या दिवशी दादाचं 'धर' म्हणून झालं होतं. मी वहिनींना 'सोडा' म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही न्हाई. त्यांनी म्हणाय पायजे." शेवटी मी खाली बसले, त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूला ठेवला. त्यानंतर मला जे रडू फुटलं ते मिश्राजींच्या बायकोलाही आवरेना.

दादा माझा थोरला भाऊ. आम्ही मूळचे सांगलीकडचे. लखनौला आधी मी आले, इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरीसाठी. पिकांवरच्या बुरशीचा अभ्यास हे माझं काम. लग्न केलं नाही, आणि बुरशीनं कधी कुरकुर केली नाही, त्यामुळे आयुष्य तसं सुखात गेलं. दादा एअरफोर्समध्ये. विमानांची चाकं आणि ब्रेक, एवढंच त्याचं जग. गावोगाव बदल्या होऊन शेवटची पोस्टिंग लखनौला झाली, तेव्हा "मंगल एकटी आहे" असं कारण काढून त्यानं माझ्याजवळच घर घेतलं. मला सोबत नको होती, पण त्याला ते सांगून काही उपयोग नव्हता. माणूस प्रेमळ आणि भयंकर चिकित्सक. शंका आली की विमान जमिनीवर, हा त्याचा नोकरीतला खाक्या त्यानं घरातही चालवला. कुकरची रिंग तो उजेडात धरून बघायचा. सायकलरिक्षात बसायच्या आधी वाकून ब्रेकचे रबर बघायचा आणि रिक्षावाला म्हणायचा, "बाबूजी, बैठना है कि ख़रीदना है?" मी लाजेनं दुसरीकडे बघत उभी राहायची.

निवृत्तीनंतर त्यानं ही गाडी आणली. जुन्या लखनौतल्या 'चौक' भागातल्या एका हवेलीच्या देवडीत ती वर्षानुवर्षं पडून होती, आत मांजरं व्यायलेली. दोरखंड लावून ओढत आणली तेव्हा आमच्या गल्लीतली लहान-थोर सगळी मंडळी वरात पाहायला आल्यासारखी बाहेर आली होती. दादाचं म्हणणं एवढंच, की गाडी पहिल्यासारखी करायची आणि सुशीलाला घेऊन रस्त्यानं कराडला जायचं, रमतगमत. सुशीला म्हणजे वहिनी. त्या कराडच्या. त्यांचे वडील घाटातून मालाचा ट्रक चालवत, त्यामुळे गाडी हा विषय त्यांना माहेरचा. नवऱ्याबरोबर जन्मभर फिरल्या त्या लष्करी मालगाडीच्या डब्यासारख्या, जिथं जोडाल तिथं. स्वतःला कुठं जायचंय हे त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. कराड म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि पोळी लाटत राहिल्या, पण पोळ्या त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठ्या झाल्या.

इंजिन वर्षभरात सुरू झालं. पत्रा झाला, रंग झाला, सीट झाल्या. अडकलं ते ब्रेकपाशी. लखनौच्या लालबागमधल्या पार्टबाजारात हनीफभाईंचं दुकान आहे. दादा तिथं दर आठवड्याला जाऊन बसायचा. चाकातले छोटे सिलिंडर, त्यांतले रबरी वायसर, घासून चाक थांबवणारे ब्रेक शू, ते ज्यात बसतात ते ड्रम, सगळं काउंटरवर मांडून घ्यायचं आणि एकेक नाकारायचं. नवे पार्ट स्वस्तातल्या ओतकामाचे, आतून खरखरीत, ते रबर खाणार. जुन्या साठ्यातले पार्ट अस्सल, पण डबीत पडून पडून त्यांचं रबर वाळलेलं. म्हणजे सिलिंडर जुना घ्यायचा आणि वायसर नवे, तर मापात केसभर फरक. ड्रम तासून घ्यावेत तर किती तासायचे, पातळ झाले तर तापणार. मी एकदा बरोबर गेले होते. हनीफभाईंनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि दादाकडे बोट करून अगदी अदबीनं म्हणाले, "मोहतरमा, आपके भाईसाहब पुर्ज़ा नहीं ख़रीदते, लड़की देखने आते हैं। नाश्ता करते हैं और कह जाते हैं, घर जाकर बताएँगे।" दादा हसला, चहा प्यायला आणि घरी जाऊन सांगतो म्हणून निघाला.

मोठा वाद झाला तो ड्रम की डिस्क, यावर. या गाडीला चारही चाकांना ड्रम होते. याच जातीच्या नंतरच्या गाड्यांना पुढं डिस्क ब्रेक आले, ते काढून हिला बसवता येतात. मी आणि दादाचा मुलगा अभय डिस्कच्या बाजूनं. अभय बंगळुरूला संगणकाच्या नोकरीत. जन्मला जोधपूरला, शिकला चंदीगड, आग्रा आणि कुठं कुठं. मराठी त्याला सगळं कळतं, पण बोलतो हिंदीत. फोनवरून म्हणाला, "पापा, सेफ़्टी पहले। डिस्क लगाओ, बात ख़तम।" दादाचा जीव मूळच्या घडणीत अडकलेला. डिस्क बसवायची तर पुढचा सगळा सांगाडा बदलावा लागणार, मग ही गाडी ती गाडी राहणारच नाही. बरं, ब्रेकच्या बाबतीत हौसेला जागा नाही हेही तोच म्हणणार. असा तो दोन्ही बाजूंनी स्वतःशीच भांडत बसला होता. जेवताना वहिनी ताक वाढता वाढता म्हणाल्या, "घाट गिअरवर उतरायचा असतो, ब्रेकवर न्हाई. आमचे बापू सगळा घाट ड्रमवरच उतरले की." वाद मिटला. ड्रम ठरले. दादा पानावरून उठताना मला म्हणाला, "एवढी वर्षं एअरफोर्सनं हिला पगार द्यायला हवा होता."

त्याच वर्षी कधीतरी वहिनींचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माझं नाव. मी 'वन्सं' राहिले, मंगल गेली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्हाला तोपर्यंत कळून चुकलं होतं. त्यांची बोली मागे मागे जात लहानपणच्या कराडात पोचली. संध्याकाळ झाली की एका कापडी पिशवीत साडी, फणी आणि हळदी-कुंकवाची डबी भरून त्या पोर्चमध्ये येऊन उभ्या राहायच्या. "चला की घरी. बापू वाट बघत असतील." दादानं त्यांना आगगाडीनं कराडला नेलं. मीही गेले होते. बापूंना जाऊन तपं लोटली होती, घराच्या जागी चार मजली इमारत आणि खाली मोबाइलचं दुकान. वहिनी त्या दुकानासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, मग दादाची बाही ओढून म्हणाल्या, "लई झालं फिरून. आता घरी चला." दादानं माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला अजून सोसत नाही.

लखनौला परत आल्यावर रोजची संध्याकाळ म्हणजे परीक्षा झाली. आज तिकीट नाही म्हटलं तर त्या म्हणत, एस्टीनं जाऊ. ऊन आहे, तर छत्री घेऊ. बरं नाही, तर घरीच बरं वाटंल. उद्या जाऊ म्हटलं की संतापायच्या, एकदा त्यांनी फाटकाच्या गजांवर इतका वेळ हात आपटले की मनगटं काळीनिळी झाली. दादानं फाटकाला कुलूप लावायला सुरुवात केली आणि लावताना त्याची मान वर होत नसे. मग एके दिवशी थकून, जे खरंच होतं ते तो बोलून गेला. "सुशीला, ब्रेक व्हायचेत अजून गाडीचे." वहिनी थांबल्या. पिशवी खाली ठेवली. "ब्रेक न्हाईत? मग कसं निघायचं?" आणि गुमान आत जाऊन बसल्या. त्यांच्या बापूंच्या घरात तो नियमच होता; ब्रेक पाहिल्याशिवाय गाडी दारातून हलवायची नाही, मग कुणी कितीही खोळंबो. बाकी सगळं पुसलं गेलं होतं, हे तेवढं शिल्लक होतं.

काही महिन्यांनी हनीफभाईंकडे एका बंद पडलेल्या गॅरेजमधला माल आला. त्यात दादाला पाहिजे तसे सिलिंडर सापडले, वायसर बरोबर मापाचे मिळाले, शूंना नवे लायनर ठोकून झाले. आठवडाभर तो लहान मुलासारखा खूश होता. ब्रेक बसले, हवा काढली, पेडल दगडासारखं लागलं. आणि एका रविवारी सकाळी त्यानं आम्हा दोघींना गाडीत बसवलं. त्याचा हिशोब साधा होता. कराड नाही तर नाही, निदान गाडी हलल्याचं समाधान तिला मिळेल. आम्ही हज़रतगंजपर्यंत गेलो. रस्ता मोकळा होता, कमानींखाली दुकानं अजून उघडायची होती, वहिनी काचेला नाक लावून बसल्या होत्या आणि गात होत्या… काय गात होत्या ते शब्द लागत नव्हते, पण चाल लग्नातली होती. दादा एकदा उगीचच जोरात ब्रेक मारून म्हणाला, "बघ, रेघेत थांबली." त्याला इतकं तरुण मी फार वर्षांनी पाहिलं.

मग आम्ही परतलो. गाडी आपल्या फाटकासमोर आली आणि वहिनींचा चेहरा उतरला. "हितं कशाला आणलं?" घर आलं, दादा म्हणाला. "ह्ये न्हवं घर. एवढं लांब आणून परत हितंच?" त्या उतरेनात. दुपार झाली, ऊन पत्र्यावर आलं, तरी उतरेनात. दादाला ओळखेनाशा झाल्या, "ड्रायव्हर, गाडी फिरव" म्हणू लागल्या. रडत होत्या त्या तशाच झोपी गेल्या, तेव्हा आम्ही दोघांनी त्यांना उचलून आत नेलं. त्यानंतर कित्येक दिवस त्या जेवल्या नाहीत धड. रोज गाडीत जाऊन बसायच्या, आणि आता दादापाशी सांगायला काही नव्हतं. गाडी चालते हे त्यांनी पाहिलं होतं. त्याचे हात नेमके त्याच्याच यशानं बांधले गेले.

एका संध्याकाळी मी गेले तर गाडी जॅकवर, चाक उतरवलेलं, आणि दादा वहिनींना सांगत होता, "पुढच्या डाव्या सिलिंडरला गळती निघाली. सगळे ब्रेक पुन्हा बघावे लागणार." मला शास्त्रज्ञाची खोड. मी वाकून बघितलं. सिलिंडर कोरडा ठणठणीत. "कुठाय गळती?" मी म्हटलं. दादा म्हणाला, "मंगल, चहा टाक." मी आत गेले. चहा उकळताना बाहेरून वहिनींचा आवाज आला, "तरी मी म्हणत हुते, कायतरी ऱ्हायलंय. बरं झालं वाटंत कळलं न्हाई ते." त्या रात्री किती तरी दिवसांनी वहिनी दोन भाकऱ्या जेवल्या.

तेव्हापासून ब्रेक होतच राहिले. दादा हनीफभाईंकडून पार्ट आणायचा. नवे, जुने, चुकीच्या मापाचे, दुसऱ्याच गाडीचे, काहीही. हनीफभाईंना त्यानं सगळं सांगितलं होतं. ते खोक्यात भरून द्यायचे आणि म्हणायचे, "भाभीजान को दिखा लाइए।" संध्याकाळी पोर्चमध्ये वर्तमानपत्र पसरून दादा ते पार्ट मांडायचा. वहिनी पाटावर बसून एकेक उचलायच्या. वायसर नखानं दाबायच्या, ताणून बघायच्या, ब्रेक शूचा वास घ्यायच्या. "ह्यो जळका हाय. ह्यो बरा." दुसऱ्या दिवशी बरा तो जळका व्हायचा आणि जळका तो बरा. दादा गंभीरपणे मान डोलवायचा, निवडलेला पार्ट बाजूला ठेवायचा. मधूनमधून खरोखर एखादं चाक उघडून हवा काढायची, कारण पेडल दाबायचं काम वहिनींना आवडायचं आणि ते त्यांना अचूक जमायचं. स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नसलेली बाई 'धर' म्हटलं की धरायची आणि 'सोड' म्हटल्याशिवाय सोडायची नाही.

लांबून हे गोड वाटेल. पुरवणीत वाचताना तर वाटेलच. म्हणून स्पष्ट सांगते, की ती कैद होती. दादा त्या घरातून लालबागपलीकडे कुठं गेला नाही. तेवढा वेळही मी येऊन बसायची म्हणून. मित्राच्या मुलीचं लग्न कानपूरला, म्हणजे इथून दोन तासांवर, तिथंही नाही. अभय बोलावून थकला. वहिनींना घेऊन जावं तर नवी जागा बघून त्या बिथरायच्या, ठेवून जावं तर दादा नजरेआड झाला की शोधत सुटायच्या. संध्याकाळ जवळ आली की तो घड्याळाकडे बघायला लागायचा, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. एकदा मी रागावून म्हटलं, तू माणूस ठेव, तू चार दिवस माझ्याकडे येऊन झोप तरी. तो हातातला सिलिंडर पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "मंगल, नोकरीत मी खराब ब्रेकला कधी चांगला म्हटलं नाही. साहेब ओरडले, विमान खोळंबलं, तरी नाही. आता रोज चांगल्या ब्रेकला खराब म्हणतो. आणि ती विश्वास ठेवते… माझ्या हातावर अजून विश्वास आहे तिचा. हे मी दुसऱ्या माणसाच्या तोंडून कसं वदवू?"

आणि मग तो असा, चाकाशी बसल्या बसल्या गेला.

पहिले दिवस मी वहिनींना खरं सांगत होते. ते गेले, वहिनी. दर वेळी त्या पहिल्यांदाच ऐकत. तोच धक्का, तेच "कवा? मला का न्हाई सांगितलं?", तेच कपाळावर हात मारून घेणं. तासाभरात सगळं पुसून जायचं आणि पुन्हा प्रश्न, "हे कुठं हायत?" एका माणसाला एकाच दिवसात इतक्यांदा विधवा करायचं बळ माझ्यात नव्हतं. मी नुसतं "येतील" म्हणायला लागले. पण नुसत्या 'येतील'नं त्यांचं समाधान होईना, त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या.

अभय महिनाभर रजा काढून राहिला. त्यानं नीट विचार केला होता, त्याला दोष देण्यासारखं काही नाही. बंगळुरूला अशा रुग्णांसाठी एक चांगली जागा त्यानं बघून ठेवली होती, त्याच्या घराजवळ. इथलं घर बंद करायचं, गाडी विकायची. ब्रेकचं सगळं मी त्याला सांगितलं तेव्हा तो चिडला. "आत्या, ये क्या पागलपन है? पापा ने अपनी पूरी लाइफ़ एक झूठ में निकाल दी। प्रैक्टिकल सोचो ना।" हनीफभाईंनी माणूस पाठवून दादाच्या हातून अर्धवट राहिलेलं ते चाक पुरं करून दिलं. जुन्या गाड्यांचा शौक असलेले एक गृहस्थ कानपूरहून बघायला येणार असं ठरलं. वहिनी दुपारी झोपतात, तेव्हाच या, असं आम्ही त्यांना बजावलं होतं.

ते वेळेवर आले. गाडीभोवती फिरले, वाकले, हात फिरवला आणि दादाच्या कामाचं मनापासून कौतुक करत राहिले. मग अभयबरोबर एक चक्कर मारून आले. फाटकातून आत येऊन गाडी थांबली, दार उघडलं आणि ते मोठ्यांदा म्हणाले, "भई वाह। ब्रेक तो मक्खन हैं। ऐसे ब्रेक आजकल की गाड़ियों में नहीं मिलते।" मी मागे वळून पाहिलं तर वहिनी दारात उभ्या. गाडीच्या आवाजानं उठल्या होत्या. ब्रेक हा शब्द त्यांना कुठल्याही भाषेत कळायचा. "झाले ब्रेक?" त्यांनी विचारलं. त्या आत गेल्या, पिशवी घेऊन आल्या, पदर खोचला आणि पुढच्या सीटवर, डाव्या बाजूला, जाऊन बसल्या. इतक्या नीटनेटक्या आणि शांत, की क्षणभर मला वाटलं, जावंच आता. कुठंही. त्या म्हणाल्या, "चला." मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे त्यांनी पाहिलं. "हे कुठं हायत? बोलवा की त्यांना. त्यांनी बसवल्यात ब्रेक, त्यांच्याबिगर गाडी हलायची न्हाई."

इतकी वर्षं घरी चला म्हणणारी बाई निघायची वेळ आली तेव्हा त्याच्यासाठी थांबली होती, आणि त्याला आणायचं कुठून? अभय हातात किल्ली धरून उभा होता. तो गाडीच्या दाराशी गेला आणि उकिडवा बसला. जन्मभर आईला हिंदीत उत्तरं दिलेला तो मुलगा, शब्द शोधत शोधत, मोडक्या मराठीत म्हणाला, "आई, बाबा लालबागला गेलेत."

"कशाला?"

"पार्ट बघायला."

"ब्रेक झाले म्हणतोय की ह्यो माणूस."

"तीन झाले. एक… एक राहिलाय."

"कुठला?"

ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मागचा उजवा," मी म्हटलं. वहिनींनी थोडा विचार केला. "मग थांबू," त्या म्हणाल्या, आणि अभयच्या गालाला हात लावला. "बरं झालं सांगितलंस. शहाणा हायस. कुणाचा रं तू?" कानपूरचे गृहस्थ काय समजायचं ते समजले असावेत. चहासुद्धा न घेता, हात जोडून निघून गेले. अभय पोर्चच्या फरशीवर तसाच बसून होता. उठताना मला म्हणाला, "गाड़ी रहने दो आत्या। अभी कुछ मत करो।" बंगळुरूच्या त्या जागेचं पुन्हा त्यानं काढलं नाही. मीही काढलं नाही. रजा संपल्यावर तो गेला. रोज फोन करतो आणि आधी विचारतो, आज मम्मीनं कोणता पार्ट निवडला.

मी आता दादाच्या घरात राहते. माझं घर बंद आहे, झाडं सुकली असतील. माझ्यानंतर कोण, हा विचार येतो आणि तो कुठंही पोचत नाही, म्हणून मी तो तिथंच सोडते. दादाचा मला राग येतो, आठवण येते, आणि बहुतेक दिवशी दोन्ही एकदमच येतात. संध्याकाळी वर्तमानपत्र पसरते, खोकं उघडते. वहिनी एकेक वायसर दाबून बघतात, मग हात थांबवून फाटकाकडे बघतात.

"आले न्हाईत अजून?"

"बघतायत, वहिनी. मनासारखा मिळत नाहीये."

"मिळंल. फोन आला तर सांगा त्यांना, माझ्यासाठी घाई करू नका म्हणावं. नीट बघून घ्या. म्होरं घाट हाय."

"सांगते," मी म्हणते.